पोलादनगरीचा पत्र्याचा दप्तरखाना : पिट्सबर्गमधील बिअर कॅनच्या संग्रहाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना शिलालेख, ताम्रपट, नाणी, सनदा आणि दप्तरे यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान दिले जाते. ही साधने निर्माण करणाऱ्यांचा मूळ हेतूच ती टिकावीत हा होता. याउलट, मानवी व्यवहारात असंख्य वस्तू अशा असतात की त्या वापरून फेकून देण्यासाठीच घडवलेल्या असतात. कारखान्याची वेष्टने, तिकिटे, लेबले, डबे यांचा समावेश या दुसऱ्या वर्गात होतो. त्या जपून ठेवण्याचे प्रयोजन कोणालाच नसते, म्हणून त्या नाहीशा होतात आणि त्यांच्याबरोबर सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाचा पुरावाही नाहीसा होतो.

बिअरचा कॅन हा या वर्गातील ठळक नमुना होय. त्याचे उपयोगी आयुष्य तो रिकामा होताच संपते. असे असूनही अमेरिकेत १९७० नंतर या रिकाम्या कॅनचे संघटित संग्रहण सुरू झाले. या छंदाकडे विद्यापीठीय इतिहासाने फारसे लक्ष दिले नसले, तरी स्थानिक उद्योगांच्या इतिहासासाठी त्याचे महत्त्व दुर्लक्षणीय नाही. प्रस्तुत लेखात पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या औद्योगिक शहराची ‘आयर्न सिटी’ ही स्थानिक बिअर केंद्रस्थानी ठेवून, जुन्या कॅनच्या संग्रहातून कोणता इतिहास हाती लागतो आणि तो वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा विचार केला आहे.

डबाबंद बिअरचा उगम

फळे, भाज्या आणि मांस डबाबंद करण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकातच रूढ झाले होते. मात्र बिअर डब्यात भरण्यात दोन अडचणी होत्या. पहिली अडचण दाबाची होती. बिअरमधील वायू आणि पाश्चरीकरणाच्या वेळी दिली जाणारी उष्णता यांमुळे डब्यातील दाब दर चौरस इंचास ८० पौंडांहून अधिक होत असे. साधा डबा तो सहन करू शकत नसे आणि त्याचे सांधे फुटत. दुसरी अडचण रासायनिक होती. धातूचा स्पर्श होताच बिअर गढूळ होई व तिची चव बिघडे. यासाठी डब्याच्या आतील बाजूस धातू आणि द्रव यांना विलग ठेवणारा लेप आवश्यक होता.

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली आणि यासंबंधीच्या प्रयोगांचे व्यापारी प्रयोजनच संपले. १९३३ मध्ये दारूबंदी उठण्याच्या सुमारास अमेरिकन कॅन कंपनीने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथील गॉटफ्रीड क्रूगर ब्रुअरी ही या प्रयोगास राजी झाली. १९३३ च्या अखेरीस सुमारे २,००० कॅन चाचणीसाठी वाटण्यात आले आणि ते घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के लोकांनी पसंती दर्शविली. त्यानंतर २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे क्रूगरची डबाबंद बिअर प्रथमच विक्रीस आली. आपल्या शहरापासून दूरची बाजारपेठ निवडण्यामागे सावधगिरी होती. प्रयोग फसला असता तरी घरच्या बाजारातील नावाला धक्का लागला नसता. प्रयोग फसला नाही. त्याच वर्षी पॅब्स्ट आणि श्लिट्झ या मोठ्या कंपन्यांनीही कॅनचा स्वीकार केला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. कॅनचा आरंभ एका प्रादेशिक ब्रुअरीने केला, परंतु त्याचा सर्वाधिक लाभ अखेरीस राष्ट्रीय पातळीवरील मोठ्या कंपन्यांना झाला. बाटलीपेक्षा कॅन हलका, रचण्यास सोयीचा आणि परत आणण्याची गरज नसलेला होता. त्यामुळे बिअर शेकडो मैल दूर पाठविणे परवडू लागले. दारूबंदीनंतर अमेरिकेत सुमारे ७५० ब्रुअऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या शंभराच्या आत आली. या घसरणीची कारणे अनेक असली, तरी दूरवर सहज पोहोचणारे वेष्टन हे त्यांपैकी एक होते. स्वतः क्रूगरची नेवार्क येथील ब्रुअरी १९६१ मध्ये बंद झाली.

कॅनवरील कालखुणा

बिअरच्या कॅनवर सहसा उत्पादनाचे वर्ष छापलेले नसते. तरीही अनुभवी संग्राहक एखाद्या कॅनचा काळ बराचसा अचूक सांगू शकतो. नाणकशास्त्रज्ञ ज्याप्रमाणे टांकसाळीची खूण आणि अक्षरवळण पाहून निष्कर्ष काढतो, त्याचप्रमाणे कॅनवरील लहानसहान तपशील येथे प्रमाण मानले जातात.

प्रथम आकार पाहिला जातो. आरंभीच्या सपाट माथ्याच्या कॅनला टोकदार अवजाराने भोक पाडावे लागे. हे तंत्र नवे असल्यामुळे कॅन कसा उघडावा याची सचित्र सूचना कॅनवरच छापलेली असे. दुसरा प्रकार शंकूच्या माथ्याचा होता. त्यावर बाटलीसारखे बूच बसे, त्यामुळे लहान ब्रुअऱ्यांना बाटल्या भरण्याच्या जुन्याच यंत्रावर तो भरता येई. नवीन यंत्रसामग्रीसाठी भांडवल नसलेल्या कारखान्यांची आर्थिक स्थिती अशा रीतीने कॅनच्या आकारातही उमटलेली आहे.

दुसरी खूण मजकुराची आहे. अंतर्गत महसूल कर भरला असल्याचे विधान अमेरिकन कॅनवर १९३५ पासून १९५० पर्यंत आढळते. ते असलेला कॅन त्यापूर्वीचा, हा संग्राहकांचा पहिला ठोकताळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद आणि कथिल यांच्या टंचाईमुळे १९४२ मध्ये नागरी वापरासाठीच्या बिअर कॅनचे उत्पादन थांबले. युद्धाच्या उत्तरार्धात सैन्यासाठी मळकट हिरव्या रंगाचे कॅन तयार झाले आणि त्यांवर करमुक्तीचे विधान छापले गेले. १ जुलै १९६३ रोजी अमेरिकेत टपालासाठी पाच अंकी क्षेत्रसंकेतांक सुरू झाला. साहजिकच कारखान्याच्या पत्त्यात हा अंक असलेला कॅन त्या तारखेनंतरचा ठरतो. ऑरेगन राज्याने १९७१ मध्ये रिकाम्या बाटल्या व कॅन परत करण्यासंबंधीचा कायदा केला. त्यानंतर अनामत रकमेच्या सूचना कॅनवर दिसू लागल्या. १९७० च्या दशकात पट्टीसंकेत आला आणि १९८८ च्या कायद्यानुसार १९८९ पासून मद्यपानाच्या धोक्याचा शासकीय इशारा अनिवार्य झाला.

कर, युद्ध, टपाल, पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्य या शासनाच्या पाच क्षेत्रांतील निर्णयांची नोंद अशी पत्र्याच्या एका नळकांड्यावर झालेली आहे. त्यांपैकी एकही नोंद इतिहासासाठी म्हणून केलेली नव्हती. हेतूविना राहून गेलेली नोंद अधिक विश्वसनीय मानण्याचा इतिहासशास्त्रातील संकेत येथे पूर्णपणे लागू पडतो.

पिट्सबर्गची ब्रुअरी

एकोणिसाव्या शतकात पिट्सबर्ग हे लोखंड व पोलाद यांच्या उत्पादनाचे अमेरिकेतील अग्रगण्य केंद्र बनले. भट्ट्यांसमोर राबणाऱ्या कामगारांच्या या शहराला ‘आयर्न सिटी’ म्हणजे लोहनगरी हे नाव पडले आणि १८६१ मध्ये एडवर्ड फ्राउएनहाइम या जर्मन स्थलांतरिताने स्थापन केलेल्या ब्रुअरीने तेच नाव धारण केले. १८९९ मध्ये परिसरातील २१ ब्रुअऱ्यांच्या एकत्रीकरणातून पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनी अस्तित्वात आली. लॉरेन्सव्हिल भागातील लिबर्टी ॲव्हेन्यूवरील कारखाना हे तिचे मुख्य ठिकाण राहिले. दारूबंदीच्या १३ वर्षांत कंपनीने शीतपेये, आइसक्रीम, नाममात्र मद्यांशाची बिअर आणि शीतगृहाचा व्यवसाय यांच्या आधारे तग धरला.

स्थानिक ब्रुअरीचे स्वरूप समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. राष्ट्रीय कंपनीच्या कॅनवर जे चित्र असेल ते देशभर सारखेच चालावे लागते. स्थानिक ब्रुअरीला हे बंधन नसते. तिचा ग्राहक, तिचा कामगार आणि तिचा शेजारी ही बहुधा एकच व्यक्ती असते. त्यामुळे तिच्या कॅनवर त्या गावाची भाषा, विनोद, अभिमान आणि स्पर्धा यांना सहज वाव मिळतो. आयर्न सिटीच्या कॅनचे संग्रहमूल्य मुख्यतः यातून निर्माण झाले आहे.

पोलादाचे अंग, ॲल्युमिनियमचे झाकण

सपाट माथ्याचा कॅन उघडण्यास अवजार लागे, ही गैरसोय जवळजवळ पाव शतक कायम होती. ओहायो राज्यातील डेटन येथील अर्मल फ्रेझ या अभियंत्याने १९५९ मध्ये झाकणालाच जोडलेल्या खेचपट्टीची कल्पना साकारली. सहलीस गेले असता उघडणी जवळ नसल्यामुळे त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. या शोधाचे हक्क ॲल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीकडे गेले. ही कंपनी १८८८ मध्ये पिट्सबर्गमध्येच स्थापन झालेली होती. १९६२ मध्ये पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनीने आयर्न सिटी बिअरसाठी खेचपट्टीच्या झाकणाचा प्रथम वापर केला. पुढच्याच वर्षी श्लिट्झसारख्या मोठ्या कंपनीने तो उचलला आणि अल्पावधीत तो देशभर पसरला.

या कॅनची घडण बारकाईने पाहिली असता एक अर्थपूर्ण बाब निदर्शनास येते. त्याचे अंग कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे आहे आणि झाकण ॲल्युमिनियमचे आहे. पोलाद हे पिट्सबर्गचे जुने वैभव, तर ॲल्युमिनियम हे त्याच शहरात वाढलेले नवे सामर्थ्य. दोन्ही धातू एका वस्तूत काही वर्षे एकत्र नांदले आणि नंतर पोलाद मागे पडले. कूर्स कंपनीने १९५९ मध्येच संपूर्ण ॲल्युमिनियमचा दोन भागांचा कॅन बाजारात आणला होता. पुढील काळात हाच प्रकार सर्वमान्य ठरला. जुन्या पोलादी कॅनच्या कुशीवरून उभा जाणारा सांधा नव्या कॅनवर दिसत नाही. हा लोपलेला सांधा म्हणजे पोलाद उद्योगाने गमावलेल्या एका मोठ्या बाजारपेठेची खूण होय.

खेचपट्टीचे आयुष्यही मर्यादितच ठरले. ओढून काढलेल्या धारदार पट्ट्या रस्त्यांवर व समुद्रकिनाऱ्यांवर विखुरल्या जाऊ लागल्या आणि त्यांनी पाय कापल्याच्या तक्रारी वाढल्या. १९७५ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील फॉल्स सिटी या आणखी एका स्थानिक ब्रुअरीने कॅनलाच जोडलेली राहणारी पट्टी प्रथम वापरली. कॅन, खेचपट्टी आणि जोडपट्टी या तिन्ही टप्प्यांवर पहिला धोका स्थानिक अथवा प्रादेशिक ब्रुअरीने पत्करला, ही बाब उद्योगाच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. संग्राहकांच्या मांडणीवर मात्र ती कालक्रमाने उभी असते.

स्मरणकॅन आणि शहराची ओळख

१९७० च्या दशकात पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनीने प्रसंगविशेषाचे कॅन मोठ्या प्रमाणावर काढले. स्टीलर्स या शहराच्या फुटबॉल संघाने जानेवारी १९७५ मध्ये पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. जानेवारी १९८० पर्यंत त्याने अशी चार अजिंक्यपदे पटकावली. या विजयांच्या स्मरणार्थ निघालेले आयर्न सिटीचे कॅन घरोघरी जपले गेले. ‘स्टीलर्स’ या नावाचा अर्थ पोलादवाले असाच आहे आणि संघाचे चिन्हही १९६२ मध्ये पोलाद उद्योगाच्या बोधचिन्हावरून घेतलेले आहे.

याच वर्षांत पोलाद उद्योगाची परिस्थिती झपाट्याने खालावत होती. परदेशी स्पर्धा, जुनी यंत्रसामग्री आणि घटती मागणी यांमुळे गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. १८९२ च्या कामगार संघर्षामुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. अनेक कामगार कुटुंबे रोजगारासाठी अन्य राज्यांत गेली. ज्या शहराची ओळख पोलादावर उभी होती, त्याच्यापाशी पोलादाचे नाव तेवढे उरले. ते नाव संघाच्या पोशाखावर आणि बिअरच्या कॅनवर टिकले. शहर सोडून गेलेल्या कुटुंबाच्या सामानात असा कॅन आढळला, तर तो केवळ खेळाचे स्मृतिचिन्ह नसतो. हरवलेल्या कामगार वस्तीचा तो हाती उरलेला अंश असतो.

शहराचा विनोदही कॅनवर उतरला आहे. १९५० च्या दशकात रेज कॉर्डिक या स्थानिक आकाशवाणी निवेदकाने ‘ओल्ड फ्रॉथिंगस्लॉश’ नावाच्या एका काल्पनिक बिअरच्या थट्टेखोर जाहिराती सुरू केल्या. या बिअरचा फेस वर नसून तळाशी असतो, असा तिचा दावा होता. ही थट्टा एवढी लोकप्रिय झाली की कंपनीने त्या नावाने खरीखुरी बिअर बाजारात आणली आणि पुढे तिचे निरनिराळ्या रंगांतील कॅन निघाले. शहराबाहेरील व्यक्तीस हे कॅन विचित्र वाटतात. त्या निवेदकाचा आवाज ऐकत सकाळी कामावर निघालेल्या पिढीला त्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

संग्राहकांची शिस्त

१९७० मध्ये मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथे बिअर कॅन संग्राहकांची संघटना स्थापन झाली. १९७८ च्या सुमारास तिची सभासदसंख्या सुमारे १२,००० या उच्चांकाला पोहोचली होती. स्थानिक ब्रुअऱ्या भराभर मिटत असतानाच हा छंद फोफावला, हा योगायोग नव्हे. वस्तू नाहीशी होऊ लागली की तिचे मोल कळते.

कालांतराने या छंदाची स्वतःची शिस्त निर्माण झाली. नवा कॅन रिकामा करताना तो तळाकडून उघडण्याची पद्धत पडली, जेणेकरून दर्शनी भाग आणि झाकण अखंड राहावे. कॅनच्या अवस्थेनुसार दर्जा ठरविण्याची परिमाणे तयार झाली. सूच्या आणि संदर्भग्रंथ सिद्ध झाले. काही संग्राहकांनी जुन्या उकिरड्यांकडे, पडक्या शिकारघरांकडे आणि घरांच्या भिंतींच्या पोकळ्यांकडे मोर्चा वळविला. उकरून काढलेल्या कॅनवरील गंज ऑक्झॅलिक आम्लाच्या विरल द्रावणात घालवून खालचा रंग वाचण्यात येऊ लागला. उत्खनन, जतन, वर्गीकरण आणि कालनिश्चिती ही पुरातत्त्वातील कामे येथे हौशी मंडळींनी आपल्या तळघरांत बसून केली. ज्या ब्रुअऱ्यांची कागदपत्रे कारखान्याबरोबरच भंगारात गेली, त्यांच्या उत्पादनांची यादी अनेकदा या संग्रहांच्या आधारेच पुन्हा उभी करता येते.

साधन म्हणून मर्यादा

तथापि, संग्रह म्हणजे इतिहास नव्हे. संग्राहकाची दृष्टी आणि इतिहासकाराची दृष्टी यांत मूलभूत अंतर आहे. संग्राहक दुर्मीळ कॅन शोधतो. इतिहासकाराला मात्र बहुसंख्य लोकांनी काय वापरले हे जाणून घ्यायचे असते. संग्रहात दुर्मीळ आणि निष्कलंक नमुन्यांना प्राधान्य मिळते, तर सर्वाधिक खपलेला सामान्य कॅन ‘तो काय, कुठेही मिळतो’ म्हणून वगळला जातो. परिणामी संग्रहातील चित्र बाजारातील प्रत्यक्ष चित्रापेक्षा वेगळे असू शकते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. संग्राहकांची संख्या वाढताच कंपन्यांनी त्यांच्यासाठीच कॅन काढण्यास आरंभ केला. फेकण्यासाठी केलेली वस्तू आणि जपण्यासाठी केलेली वस्तू यांची साक्ष सारखी नसते. १९५५ चा साधा कॅन त्या काळाबद्दल नकळत बोलतो, तर १९७५ नंतरचा स्मरणकॅन आपल्याविषयी काय आठवले जावे हे स्वतःच ठरवून बोलतो. दोन्ही पुरावेच आहेत, मात्र त्यांना विचारावयाचे प्रश्न भिन्न आहेत.

या संदर्भात ‘बिली बिअर’ चे उदाहरण बोधप्रद आहे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे बंधू बिली कार्टर यांच्या नावाने ही बिअर १९७७ मध्ये फॉल्स सिटी ब्रुअरीने बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिचे उत्पादन थांबले आणि ब्रुअरीनेही आपले काम बंद केले. त्यानंतर या कॅनला प्रचंड किंमत येते अशा वार्ता पसरल्या व अनेकांनी ते साठविले. प्रत्यक्षात कॅन अमाप संख्येने निघाले असल्याने त्यांचे बाजारमूल्य नगण्यच राहिले. विशेष म्हणजे १९०५ मध्ये स्थानिक गुत्तेवाले व किराणा व्यापारी यांनी मक्तेदारीविरुद्ध उभारलेली, आणि जोडपट्टी प्रथम वापरणारी, ही ब्रुअरी लोकस्मृतीत मुख्यतः या एका फसलेल्या कॅनमुळे राहिली. किंमत हा इतिहासाचा निकष मानला की असा विपर्यास घडतो.

तिसरी मर्यादा मौनाची आहे. कॅनवर ब्रुअरीचे नाव असते, ती चालविणाऱ्या कामगाराचे नसते. ते वेतन, संप, अपघात किंवा व्यसनाने मोडलेले संसार यांबद्दल काही सांगत नाहीत. झळझळीत रंगांच्या रांगा पाहताना ही बाजू विसरली जाण्याचा धोका असतो. म्हणून कॅनची साक्ष नगरपालिकेच्या नोंदी, वृत्तपत्रे, कामगार संघटनांची कागदपत्रे आणि मौखिक इतिहास यांच्याशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते.

समारोप

पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनी १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील उद्योगसमूहाच्या हाती गेली, पुढे मालक बदलत राहिले आणि २००५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००९ मध्ये लॉरेन्सव्हिलमधील उत्पादन थांबून ते लॅट्रोब येथे हलविण्यात आले. २०२० च्या दशकाच्या आरंभी नव्या मालकीखाली क्रायटन येथील काचेच्या जुन्या कारखान्याच्या जागी तिचे काम सुरू झाले. पोलादाचे अंग आणि ॲल्युमिनियमचे झाकण यांच्या जोडीला काचेच्या कारखान्याचे छप्पर आले आणि या परिसराच्या तिन्ही जुन्या उद्योगांचा धागा एका बिअरच्या नावात गुंफला गेला.

या विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. स्थानिक ब्रुअरीचा कॅन हा तंत्रज्ञान, कायदा आणि शहराची आत्मप्रतिमा यांचा एकत्रित पुरावा आहे. त्याचे ऐतिहासिक मूल्य दुर्मीळतेवर अवलंबून नसून त्याच्याभोवतीच्या माहितीवर अवलंबून असते. हौशी संग्राहकांनी जे वाचविले ते व्यावसायिक संस्थांनी वाचविले नसते, ही वस्तुस्थिती मोकळेपणाने मान्य करावी लागते. मात्र कॅन कोठे सापडला, कोणाकडून मिळाला, तो का ठेवला गेला होता, या नोंदी बहुतेक संग्रहांत नसतात. संग्राहकांची पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या निधनानंतर संग्रह विभागून विकले जातात आणि कॅन उरला तरी त्याची हकिकत उरत नाही. ही हकिकत संग्राहक हयात असतानाच लिहून घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य आहे. गंजलेला पत्रा आम्लाने स्वच्छ करता येतो. विसरली गेलेली हकिकत मात्र कोणत्याही द्रावणाने परत मिळत नाही.